रोटरी इंजिनाची वेगळी तेलटाकी : एका जुन्या तडजोडीची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका छोट्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक प्लेट मिलिंगवर लावलेली होती. तळहातात मावेल एवढीच ती होती. तिला बोल्टांसाठी आरपार भोके होती आणि एका कडेकडून आत जाणारे एक आडवे भोक होते, ज्यात नळीचे निपल बसायचे होते. कराडच्या एका मित्राने परदेशातून आलेली जुनी माझदा आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची मोटार घेतली होती, तिच्या ऑइल पंपामागे ही प्लेट लागणार होती. चाळीस वर्षे दुचाक्यांची इंजिने उघडणारे आमचे मिस्त्री बराच वेळ ती उलटसुलट करून पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही कायनेटिकचीच टाकी झाली की, साहेब." त्यांच्या त्या एका वाक्यात या विषयाचा निम्मा इतिहास आला होता. उरलेला निम्मा नीट मांडावा, म्हणून ही नोंद.

इंजिनात तेलाला दोन अगदी वेगळी कामे असतात. एक काम बेअरिंगांचे : तेथे तेल दाबाने फिरते, उष्णता घेऊन परत येते, गाळले जाते आणि पुन्हा कामाला लागते. दुसरे काम ज्वलनकक्षाच्या भिंतीवरचे : तेथे गेलेले तेल घर्षण वाचवते, पण त्याचा बराचसा भाग जळून धुराबरोबर निघून जातो. आपल्या भागात हा फरक समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांनी उभारलेल्या कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडू लागली, तेव्हापासून कृष्णाकाठच्या विहिरींवर आणि गिरण्यांत संथ चालीची इंजिने माणसांच्या चांगल्या ओळखीची आहेत. जुन्या आडव्या इंजिनांच्या बऱ्याच बनावटींत सिलिंडरवर काचेची एक कुपी असे आणि तिच्यातून थेंब-थेंब तेल पिस्टनवर पडताना दिसे. कुपीतला थेंब किती सेकंदांनी पडतो हे पाहून इंजिनवाला चकती फिरवून माप ठरवी. ते तेल परत येण्यासाठी नसेच. बेअरिंगांची सोय वेगळी आणि सिलिंडरची कुपी वेगळी, हे त्या काळी सर्वमान्य होते.

पुढे चारस्ट्रोक मोटारींत ही दोन्ही कामे चेंबरमधल्या एकाच ऑइलकडे आली, कारण पिस्टनच्या खाली तेलाचा चेंबर असतो, उडालेले तेल बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, बसते आणि ऑइल रिंग ते खरवडून खाली परत पाठवते. वँकेल इंजिनात, म्हणजेच रोटरीत, नेमकी हीच सोय नाही. त्याचा त्रिकोणी रोटर एका फुगीर, कमरेत किंचित दबलेल्या पोकळीत फिरतो आणि रोटरच्या पोटात थंडाव्यासाठी खेळणारे तेल बाहेर पडू नये म्हणून बाजूंना ऑइल सील बसवलेली असतात. त्यामुळे त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवरच्या पट्ट्यांना, म्हणजे अ‍ॅपेक्स सीलना, आपसूक तेल मिळण्याचा मार्गच उरत नाही. या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर सतत घासत असतात आणि वायूचा दाब अडवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असते. त्यांना तेल द्यायचे, तर ते बाहेरून मोजून आत सोडावे लागते आणि ते जळणार हे गृहीत धरावे लागते. रोटरी 'ऑइल खाते' अशी तक्रार ऐकू येते, पण ठरलेल्या मापात तेल जाळणे हा तिच्या रचनेचाच भाग आहे.

फेलिक्स वँकेल यांनी १९२९ साली आपले पहिले पेटंट मिळवले आणि १९५१ पासून ते जर्मनीतील एनएसयू कंपनीबरोबर काम करू लागले. त्यांचे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्यात बाहेरचे आवरणही फिरत असे. आज आपण ओळखतो ती स्थिर आवरणाची सोपी रचना एनएसयूचेच अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी त्यानंतर लगेच सिद्ध केली. १९६४ मध्ये एनएसयू स्पायडर विक्रीस आली आणि १९६७ मध्ये आरओ ८०. आरओ ८० ला १९६८ चा युरोपातील 'कार ऑफ द इयर' किताब मिळाला, पण सुरुवातीच्या गाड्यांत टोकाच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या आणि हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनीचे कंबरडे मोडले. १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

जपानात हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली १९६३ मध्ये सत्तेचाळीस अभियंत्यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यांच्यापुढचा पहिला पेच म्हणजे पोकळीच्या भिंतीवर उमटणारे आडवे ओरखडे. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. पट्टी भिंतीवरून सरळ न घसरता थरथरत जाते, म्हणून ते पडत. कार्बनात अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी वापरून त्यांनी हा प्रश्न सोडवला आणि ३० मे १९६७ रोजी दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पट्टीच्या धातूची ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिला तेल कोणते आणि कोठून द्यायचे, याची कथा मात्र मागे राहते, आणि माझ्या मते झिजेच्या प्रश्नात तिचा वाटा तेवढाच मोठा आहे.

मोटारींसाठी स्वीकारलेला उपाय असा : चेंबरमधलेच थोडे ऑइल एका छोट्या मापक पंपाने उचलायचे आणि कार्बोरेटरमध्ये किंवा पुढे थेट पोकळीत सोडायचे. इंजिनाचे फेरे आणि अ‍ॅक्सिलरेटर यांनुसार माप कमी-जास्त होई. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय मोठी होती. मोटार विकत घेणाऱ्या माणसाला टाकीत पेट्रोल आणि चेंबरमध्ये ऑइल एवढेच ठाऊक असते, आणि तिसरी टाकी सांभाळायला सांगितले की तो दुसऱ्या दुकानात जातो. पण त्या सोयीसाठी एकाच तेलावर दोन परस्परविरोधी कामे लादली गेली. चेंबरच्या ऑइलमध्ये झीज रोखणारी आणि मळ धरून ठेवणारी जस्त-कॅल्शियमयुक्त रसायने असतात. बेअरिंगांना ती हवीच असतात, परंतु जळल्यावर त्यांची राख उरते. ती राख आणि कार्बन पट्टीच्या खाचेत बसला की पट्टी जाम होते, स्प्रिंगने बाहेर यायची थांबते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे वायू दाबून धरण्याची ताकद, जाते.

दुचाक्यांच्या कारखानदारांनी मात्र वेगळी वाट धरली होती, आणि आमच्या मिस्त्रींचे वाक्य येथे लागू पडते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच तेल मिसळायचे ही जुनी रीत होती. चेतकच्या जमान्यात पेट्रोल पंपावर 'टू-टी टाका' असे म्हटल्यावर टू-स्ट्रोकच्या तेलाचे लिटरला २० मिलिचे माप पडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. यामाहाने १९६४ मध्ये 'ऑटोल्यूब' आणले, ज्यात तेलाची टाकी वेगळी आणि पंप मापाने तेल सोडणारा. आपल्याकडे राजदूत ३५० ला आणि १९८४ पासून कायनेटिक होंडाला अशी वेगळी टाकी होती. जळायचे तेल वेगळे ठेवण्याची ही सवय हाताशी असल्यामुळे, रोटरी मोटारसायकली निघाल्या तेव्हा त्यांना ती परकी वाटली नाही. जर्मनीची हर्क्युलिस डब्ल्यू-२०००, २९४ सीसीची, १९७४ पासून विकली गेली. आधी तिच्यात तेल पेट्रोलात मिसळावे लागे आणि नंतरच्या मॉडेलला स्वतंत्र टाकी व पंप मिळाला. त्याच वर्षी आलेल्या सुझुकी आरई-५ मध्ये, ४९७ सीसीच्या, चेंबर वेगळा होता आणि टोकाच्या पट्ट्यांसाठी जळून जाणाऱ्या तेलाची टाकीही वेगळी होती. म्हणजे वेगळी तेलटाकी ही हौशी लोकांची टूम नव्हे, कारखान्यातून बाहेर पडलेल्या रोटरीत ती पन्नास वर्षांपूर्वीच होती.

माझदाने मापक पंपावर सातत्याने काम केले. १९८९ च्या सुमारास आरएक्स-७ या मोटारीत त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. २००३ मध्ये आलेल्या आरएक्स-८ च्या १३०८ सीसी इंजिनाचा शाफ्ट मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाई. शाफ्टच्या तीन फेऱ्यांना रोटरची एक फेरी होते, तरीही त्या वेगात पट्टीवर येणारा ताण मोठा असतो. प्रत्येक पोकळीला तेलाचे दोन नोझल होते, आणि २००९ च्या सुधारणेत तिसरा आला, जेणेकरून पट्टीच्या मध्यभागालाही तेल पोचावे. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैल अशी वाढवण्यात आली होती, यावरून प्रश्न किती खोल होता ते कळते. नोझल वाढले, माप सुधारले, तरी आत जाणारे तेल मात्र चेंबरचेच राहिले.

आरएक्स-७ च्या काळापासून शौकिनांत रुळलेला अ‍ॅडॉप्टर या जागी येतो. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये सुरुवातीला सांगितलेली ती प्लेट बसते, चेंबरकडून येणारी वाट बंद होते आणि बाहेरच्या टाकीतून आलेली नळी पंपाला मिळते. पंप, नोझल आणि गाडीच्या संगणकाचे माप आहे तसेच राहते, बदलते ते फक्त तेल. टाकीत टू-टी भरले जाते, जे मुळातच जळण्यासाठी केलेले असते आणि ज्यात राख अगदी कमी पडते किंवा पडतच नाही. चेंबरमध्ये मग बेअरिंगांना योग्य ते ऑइल, सिंथेटिकसुद्धा, निश्चिंतपणे वापरता येते.

काही जण मापक पंपच काढून टाकतात आणि पेट्रोलात लिटरला सुमारे ८ मिलि टू-टी मिसळतात. शर्यतीच्या गाडीला ते चालते. आमच्या मुलखातल्या रस्त्यांना ते मला पटत नाही, आणि याचे कारण घाट आहे. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला, की इंजिनाचे फेरे वरच राहतात आणि संगणक पेट्रोल तोडतो. तेल पेट्रोलातच असेल, तर पेट्रोल थांबताच तेलही थांबते, आणि पट्ट्या मिनिटामागून मिनिट कोरड्या भिंतीवर घासतात. टू-स्ट्रोकवाल्या जुन्या चालकांना हे अनुभवाने ठाऊक होते, म्हणून लांब उतारावर ते मधूनच अ‍ॅक्सिलरेटर पिळून इंजिनाला थोडे तेल पाजत. वेगळ्या टाकीचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरतो आणि उतारावरही तेल देत राहतो.

या बदलाने काही नवी कर्तव्येही येतात. टाकी रिकामी झाली तर पंप हवा ढकलत राहतो आणि गाडी त्या क्षणी काहीच तक्रार करत नाही. तक्रार येते ती कॉम्प्रेशन गेल्यावर. म्हणून तेलाची पातळी खाली गेल्याची सूचना देणारा दिवा मी ऐच्छिक मानत नाही. टाकी पंपापेक्षा उंच हवी, नळी एक्झॉस्टपासून दूर हवी आणि सुरुवातीला नळीतली हवा पूर्ण काढायला हवी. चेंबरचे ऑइल आता जळत नसल्याने वरून ताजे ऑइल पडत नाही. उलट सीलांच्या बाजूने झिरपणाऱ्या पेट्रोलाने ते पातळ होत जाते. त्यामुळे डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसली तरी ऑइल मुदतीत बदलावेच लागते, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कराडच्या गाडीत आम्ही दोन लिटरची टाकी बॅटरीच्या शेजारी उंचावर बसवली. मिस्त्रींनी नळी पंपाला लावण्याआधी बाटलीत सोडली, तेल बुडबुड्यांशिवाय एकसंध धारेने येऊ लागेपर्यंत थांबले, आणि मगच प्लेटच्या दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग घालून बोल्ट आवळले. टाकीच्या अंगावर त्यांनी पांढऱ्या रंगाने एक आडवी रेघ ओढली आणि मित्राला बजावले की तेल या रेघेच्या खाली दिसले, तर गाडी घाटात घालायची नाही.