आतलं चाक नुसतंच फिरतंय: गाडीसाठी एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) निवडताना

वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन किंचाळलं, टॅकोमीटरचा काटा उसळला, पण गाडी काही झेपावली नाही. आतल्या बाजूचं चाक नुसतंच गरगरतंय. जोरकस इंजिन आणि साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल एकत्र आलं की हे ठरलेलंच.

डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जुळणी, लागतं तर खरंच. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण गोल फेरी मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ९.४ मीटर जास्त धावतं, मग फेरी लहान असो की मोठी. वेगातला हा फरक डिफरन्शियल सांभाळतं. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र ते दोन्हीकडे सारखाच वाटतं, आणि घोळ इथेच आहे. वळणात गाडीचा भार बाहेर कलतो, आतलं चाक हलकं पडतं. त्याला २०० न्यूटन-मीटरच पेलवत असतील, तर बाहेरच्या चाकालाही २००च मिळणार, त्याची कुवत कितीही असो.

ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या ग्रां प्री शर्यतीच्या गाड्यांना १९३०च्या दशकात याच दुखण्याने छळलं होतं. त्या गाड्यांचे रचनाकार फर्डिनांड पोर्श यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला, तो म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, थोडक्यात एलएसडी. यातल्या घर्षणामुळे जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. दोन चाकांच्या टॉर्कचं हे प्रमाण तीनास एक असेल, तर वरच्याच उदाहरणात बाहेरच्या चाकाला ६०० न्यूटन-मीटरपर्यंत मिळू शकतात. म्हणजे एकूण ४०० ऐवजी ८००, तेही त्याच टायरांवर.

आता कोणतं घ्यायचं? विकणारे 'लॉक किती टक्के', म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना किती जखडली जातात, ते आधी सांगतात. मी आधी विचारेन, गाडी नेमकी केव्हा त्रास देते: गॅस देताना (ॲक्सिलरेटर दाबताना), सोडताना की ब्रेक मारताना?

प्लेटवाल्या एलएसडीत गॅस देण्यासाठी एक आणि सोडण्यासाठी (ब्रेकही त्यातच) दुसरी, अशी वेगळी सोय करता येते. त्याच्या पोटात दोन प्रेशर रिंगा असतात आणि त्यांच्या खाचांमध्ये आडवी पिन बसलेली असते. टॉर्क आला की पिन खाचेच्या तिरक्या कडेवर चढते, रिंगा एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि क्लच प्लेटा आवळल्या जातात. जितका टॉर्क, तितकी आवळणी. कडेचा कोन ४५ अंश असेल तर पकड घट्ट. ८० अंशांची कड जवळपास उभीच, ती रिंगांना फारसं ढकलतच नाही. गॅस देतानाची कड वेगळी, सोडतानाची वेगळी. फक्त गॅसवर लॉक होणारं ते १-वे, दोन्ही वेळी सारखंच लॉक होणारं २-वे, आणि गॅस सोडल्यावर थोडंसंच आवळणारं १.५-वे. २-वे ब्रेकिंगमध्ये गाडीची शेपूट स्थिर ठेवतं, पण वळणात शिरताना नाक आत यायला कुरकुरतं. ड्रिफ्टिंग करणाऱ्यांना, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेणाऱ्यांना, ते प्रिय आहे. बाकीच्यांनी केवळ नावाला भुलून घेऊ नये.

हेलिकल गिअरवाल्या प्रकारात, म्हणजे टॉर्सन किंवा क्वेफ या नावांनी मिळणाऱ्या एलएसडीत, हे काम गिअरच्या दातांचा एकमेकांवरचा आणि बाहेरच्या कवचाच्या भिंतीवरचा दाब करतो. झिजायला क्लच प्लेटा नाहीत, आवाज नाही, काम हळुवार. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत स्टिअरिंगला हिसके कमी बसतात, म्हणून तिथे मी डोळे झाकून हेच सुचवेन. रस्त्यावर रोज आणि ट्रॅकवर अधूनमधून जाणाऱ्या गाडीलाही हेच. उणीव एकच, पण मोठी: हे गुणाकार करतं. एक चाक हवेत उचललं गेलं की शून्याची तिप्पट शून्यच. कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरून, उड्या मारणाऱ्या गाडीला म्हणूनच प्लेटवालं बरं. त्यात स्प्रिंगांनी आधीच दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड, थोडं तरी काम चालू ठेवतो.

सिलिकॉन द्रवावर चालणारं व्हिस्कस मृदू असतं, पण चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच जागं होतं. माझ्दाने एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीतच ते सोडून पुढे टॉर्सन घेतलं. इलेक्ट्रॉनिक एलएसडी सर्वांत हुशार. फेरारीने २००४ मध्ये एफ४३० मध्ये ई-डिफ आणलं, त्यात किती आवळायचं ते संगणक क्षणोक्षणी ठरवतो. मात्र ते गाडीबरोबरच आलेलं असावं. मागाहून बसवणं म्हणजे सेन्सर आणि सॉफ्टवेअरची लढाई.

एलएसडी नवी पकड निर्माण करत नाही, आहे ती वापरायला देतं. ओपन डिफरन्शियलमध्ये आतलं चाक घसरलं तरी बाहेरचं गाडीला आडवं जाऊ देत नाही. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत एलएसडी असेल आणि गॅस जास्त झाला, तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट झटकन बाहेर येते. टायर गुळगुळीत झाले असतील तर पैसे आधी तिथे घाला.

प्लेटवालं बसवलंत तर बनवणाऱ्याने सांगितलेलंच तेल घाला. हळू वळताना थोडी खडखड होणार, ती चालते. बसवल्यावर लगेच एक मोजमाप टिपून ठेवा: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना अडण्या, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. उचललेलं चाक टॉर्क रेंचने फिरवायला किती जोर लागतो ते बघा. पुढे कधी हाच आकडा बराच खाली आला, तर प्लेटा झिजल्यात, डिफरन्शियल उघडायला हवं.