वितान्येचं चक्राकार संग्रहालय

स्लोव्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या वितान्ये या छोट्या गावात २०१२ साली अंतराळाला वाहिलेलं एक केंद्र उभं राहिलं. एकमेकांत गुंतलेल्या दोन गोल कड्यांसारख्या या इमारतीचा आकार हर्मन पोटोचनिक यांनी काढलेल्या अंतराळस्थानकाच्या चित्रावरून सुचला आहे.

पोटोचनिक यांचं या गावाशी आईकडून नातं. जन्म १८९२चा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात अधिकारी असताना क्षयाने गाठलं, सैन्य सुटलं, मग व्हिएन्नात अभियांत्रिकी शिकले. ‘नूरडुंग’ या टोपणनावाने १९२८च्या अखेरीस त्यांचं एकुलतं एक पुस्तक बर्लिनमध्ये निघालं. पुढच्याच वर्षी, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

स्थानक कुठे ठेवायचं, याचं गणित त्यांनी मांडलं होतं. पृथ्वीपासून जितकं दूर जावं तितका प्रदक्षिणेला वेळ जास्त लागतो. ४०० किलोमीटर उंचीवर दीड तास, चंद्राला २७ दिवस. या दोहोंच्या मध्ये, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, हा काळ पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढा होतो. विषुववृत्तावरच्या या कक्षेतली वस्तू जमिनीवरून आकाशात एकाच जागी खिळलेली दिसते. १९६४ मध्ये सिन्कॉम-३ हा उपग्रह तिथे पोहोचला. टीव्हीची डिश एकदा रोखली की हलवावी लागत नाही, ती याच कक्षेमुळे.

मला मात्र त्यांचं ‘निवासचक्र’ जास्त मोलाचं वाटतं. ३० मीटर व्यासाचं हे चाक साधारण आठ सेकंदांत एक फेरी घेईल, अशी कल्पना. आत राहणारा माणूस सरळ रेषेत निघून जाऊ पाहतो, पण कडेची जमीन त्याला सतत आत ढकलत वळवते, आणि तळपायांना तो रेटा वजनासारखा जाणवतो. तो जवळपास पृथ्वीवरच्या वजनाइतकाच भरतो.

अडचण आहे ती चाकाच्या लहानपणाची. उभ्या माणसाचं डोकं आसाच्या जवळ, म्हणून पायांपेक्षा तिथे ओढ आठव्या हिश्श्याने कमी. शिवाय मिनिटाला साडेसात फेऱ्या! एवढ्या वेगात मान वळवली तरी कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते आणि मळमळतं. मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवून पूर्ण वजन हवं असेल, तर चाकाची त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास लागेल. एवढं मोठं चाक अंतराळात अजून कुणी बांधलेलं नाही.