पीअर-टू-पीअर फाइल शेअरिंगमधील शोधमर्यादा

एका वापरकर्त्याने ठरावीक वेळात किती शोध घ्यावेत, यावर पीअर-टू-पीअर जाळ्याने, म्हणजे लोकांचे संगणक एकमेकांना थेट फायली देतात अशा जाळ्याने, घातलेल्या बंधनाला शोधमर्यादा म्हणतात. डाउनलोडच्या वेगाशी तिचा संबंध नाही. मर्यादा ओलांडली तर जाळ्यानुसार शोध नाकारला जातो, रांगेत थांबतो किंवा वापरकर्त्यालाच काही वेळ बाहेर ठेवले जाते. सोलसीक या संगीतप्रेमींच्या जाळ्यात ही शिक्षा ३० मिनिटांची असते.

मर्यादेची गरज शोधाच्या स्वरूपातूनच येते. वेबवरच्या सर्च इंजिनकडे तयार अनुक्रमणिका असते. तिथला शोध म्हणजे एकाच दुकानात जाऊन केलेली चौकशी. पीअर-टू-पीअर जाळ्यात फायली लोकांच्या घरच्या संगणकांवर असतात, त्यामुळे शोध म्हणजे दवंडी. पिटणारा एकदाच ओरडतो, ऐकावे मात्र सगळ्या गावाला लागते. ज्याच्याकडे ते गाणे नाही त्याच्या संगणकालाही प्रश्न वाचून, आपली यादी चाळून गप्प बसावे लागते.

हा भार किती वाढू शकतो ते नुटेलाने दाखवले. विनॅम्प हा गाणी वाजवण्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या नलसॉफ्टने मार्च २००० मध्ये हा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि मालक कंपनी एओएलने तो लगेचच मागे घ्यायला लावला; तोवर तो पसरला होता. त्यात मध्यवर्ती सर्व्हर नव्हता. प्रत्येक संगणक आलेला प्रश्न आपल्या शेजाऱ्यांना पुढे देई आणि सात टप्प्यांनंतर प्रश्न विरून जाई. प्रत्येकाला चार शेजारी धरले तर पहिल्या टप्प्यात ४, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ३६ असे करत सातव्या टप्प्याअखेर एक शोध ४,३७२ संगणकांपर्यंत जातो. हे कागदावरचे गणित. प्रत्यक्षात शेजाऱ्यांचे शेजारी एकच निघतात आणि तोच प्रश्न दोन-तीन वाटांनी परत येतो. त्या काळी बरेच लोक टेलिफोनच्या मोडेमवर होते. त्यांची लाइन स्वतःच्या कामाऐवजी परक्यांचे प्रश्न वाहण्यातच भरून जाई. पुढे ताकदवान संगणकांना ‘अल्ट्रापीअर’ करून बाकीच्यांचा भार त्यांच्यावर टाकण्यात आला, आणि पुरेसे निकाल आले की शोध थांबवण्याची पद्धत आली.

डायरेक्ट कनेक्ट जाळ्यात हे काम हब, म्हणजे वापरकर्त्यांना एकत्र जोडणारा सर्व्हर, करतो. दोन शोधांमध्ये किमान किती सेकंद जावेत हे हबचालक ठरवतो, आणि घाई करणाऱ्याला हबकडून समज मिळते. ज्याचा पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडणी आत येण्याचे संगणकाचे दार, बंद आहे, म्हणजे जो ‘पॅसिव्ह’ आहे, त्याला बऱ्याच हबांवर जास्त थांबावे लागते. वरवर हा अन्याय वाटतो, पण त्याचे निकाल थेट न येता हबमधूनच जातात, म्हणजे तो हबला दुप्पट कामाला लावतो. याच कारणाने डीसी प्लस प्लस हा प्रोग्राम एका शोधाला पॅसिव्ह माणसाला जास्तीत जास्त ५ आणि ॲक्टिव्ह माणसाला १० निकाल पाठवतो. आयआयटी मुंबईसह देशातल्या अनेक वसतिगृहांत एके काळी लॅनवर असे हब चालत. तिथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नसे: अर्धवट डाउनलोडसाठी आणखी कुणाकडे तीच फाइल आहे का, हे प्रोग्राम मागच्या मागे आपणहून शोधत असतो आणि तो शोधही हिशेबात धरला जातो. आपण बोटही लावलेले नसते आणि पहिलाच शोध ‘थांबा’ म्हणून परत येतो. अशा वेळी ती स्वयंचलित शोधाची खूण काढून टाकणे हा उपाय.

सोलसीक या दोन्हींच्या मधे बसते. नॅपस्टर या गाण्यांच्या देवाणघेवाणीच्या जुन्या सेवेत काम केलेले प्रोग्रामर नीर आर्बेल यांनी ते सुरू केले. शोध आधी मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो; तिथून तो वापरकर्त्यांच्या झाडासारख्या साखळीतून, वरच्याकडून खालच्याकडे, पसरतो. निकाल मात्र ज्याच्याकडे फाइल आहे त्याच्याकडून थेट येतात. सगळ्या दवंड्या एकाच दारातून निघत असल्यामुळे दारावर पहारा ठेवणे सोपे जाते.

हाताने शोधणाऱ्याला या पहाऱ्याची सहसा जाणीवही होत नाही. अडकतो तो गाण्यांची लांबलचक यादी प्रोग्रामला देऊन झोपायला जाणारा. सोलसीकवरून घाऊक डाउनलोड करणारे एसएलएसके-बॅचडीएल हे साधन २२० सेकंदांत ३४ शोधांची मर्यादा स्वतःवरच घालून घेते. हा आकडा सर्व्हरने जाहीर केलेला नाही, प्रयोग करून काढलेला आहे, हे त्याचे कर्तेच सांगतात. या हिशेबाने १०० गाण्यांची यादी ३४, ३४ आणि ३२ अशी तीन हप्त्यांत सुटते. शेवटचा हप्ता ७ मिनिटे २० सेकंदांनी सुरू होतो. तेच १०० शोध एका दमात सोडून बंदी ओढवली तर अर्धा तास गेलाच, शिवाय यादी पुन्हा पहिल्यापासून. बंदी लागल्यावर दर मिनिटाला पुन्हा जोडणी करत राहणे हाही वेडेपणाच. तसेच एकाच नावाने दोन प्रोग्राम चालू ठेवले तर दुसरा जोडला जाताच पहिला बाहेर फेकला जातो. पुष्कळदा लोक यालाच बंदी समजतात.

खरी बचत शोधांचा वेग कमी करून होत नाही, त्यांची संख्या कमी करून होते. अल्बममधली बारा गाणी बारा वेळा शोधण्यापेक्षा एक गाणे शोधावे, ज्याच्याकडे सापडेल त्याचा पूर्ण फोल्डर उघडावा. फोल्डर पाहण्याची विनंती थेट त्या माणसाकडे जाते, दवंडी पिटावी लागत नाही. निकाल फार आले तर नवा शोध घेण्याऐवजी आलेल्या निकालांनाच गाळणी लावावी; ते काम आपल्याच संगणकावर होते. शोधातले शब्द फाइलच्या नावाबरोबर फोल्डरच्या नावांतही पाहिले जातात, म्हणून कलाकाराचे आडनाव आणि गाण्यातला एखादा वेगळा शब्द बहुधा पुरतो.

मराठी संगीत शोधणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. फायलींची नावे बहुतेक रोमन लिपीत असतात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग स्वतःचे. वसंतराव देशपांडे यांचे नाव कुणी ‘व्ही’ने सुरू करतो, कुणी ‘डब्ल्यू’ने, शेवटी कुणी ‘ओ’ लावतो, कुणी ‘व्ही’. चार पर्याय म्हणजे चार शोध, आणि नाट्यपदाचे बोल रोमनमध्ये लिहायला घेतले की मोजदाद सोडून द्यावी. सोलसीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला तारांकन देऊन पहिले अक्षर गाळता येते, त्यामुळे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही एकाच शोधात येतात. शेवटच्या अक्षराचा घोळ त्याने सुटत नाही. तिथे ते नावच वगळून नुसत्या आडनावाने शोधलेले बरे.

दुर्मीळ वस्तूसाठी सोलसीकमध्ये ‘विशलिस्ट’ आहे. हवे ते शब्द तिच्यात लिहून ठेवले की प्रोग्राम पाळीपाळीने एकेक शोध घेतो. किती वेळाने घ्यायचा हे सर्व्हर सांगतो: साधारणपणे १२ मिनिटांनी, देणगी देऊन विशेषाधिकार घेतलेल्यांना २ मिनिटांनी. यादीत ६० नोंदी असतील तर प्रत्येकीची पाळी १२ तासांनी येते. हे हळू वाटते, पण ज्या एकाच माणसाकडे ती ध्वनिफीत आहे तो कुठल्याशा दूरच्या देशात रात्री दोन तासच संगणक लावत असेल, तर घाईघाईने घेतलेल्या शंभर शोधांपेक्षा ही चिकाटी उपयोगी पडते. यादीतल्या जुन्या, निरुपयोगी नोंदी काढत राहिले की पाळी लवकर येते.

निकाल शून्य आले म्हणजे मर्यादा ओलांडली असे नव्हे. हक्कधारकांच्या तक्रारींमुळे काही शब्दसमूह वगळण्याची यादी सर्व्हर प्रोग्रामांना पाठवतो. ते शब्द असलेल्या फायली निकालात येत नाहीत, आणि शोध कितीही वेळा घेतला तरी येणार नाहीत. दुसरे कारण पोर्टचे. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आत जोडणी होत नाही. समोरच्याचाही पोर्ट बंद असेल तर त्याच्याकडे फाइल असूनही उत्तर पोहोचत नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा शोधण्याआधी प्रोग्राममधली पोर्ट तपासणी करून पाहावी आणि राउटरमध्ये तो पोर्ट उघडता येतो का ते बघावे.