क्रीडा, मनोरंजन व कार्यक्रम व्यवस्थापन शिक्षण

स्पर्धा, क्रीडासुविधा, फावल्या वेळातील उपक्रम आणि सार्वजनिक कार्यक्रम यांचे नियोजन, वित्त, सुरक्षा व कायदा यांचा विद्यापीठ पातळीवरील अभ्यास. शारीरिक शिक्षणात खेळाडू घडवण्याकडे लक्ष असते. या शाखेत खेळाडू व प्रेक्षक ज्या व्यवस्थेच्या भरवशावर मैदानात येतात तिचा विचार होतो.

उगमाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतील ओहायओ विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापासून या शाखेचा आरंभ बहुतेक अभ्यासक धरतात. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ मध्ये मायामी विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स मेसन यांना पत्र लिहून, संघ व क्रीडागार चालवणारी माणसे कोठे तयार होणार, असा प्रश्न उपस्थित केला होता. मेसन यांनी त्यावर केलेला आराखडा पुढे ओहायओत आकारास आला. दुसऱ्या मतानुसार, फ्लॉरिडा सदर्न या संस्थेत १९४९ ते १९५९ या काळात बेसबॉल व्यवसायाच्या प्रशासनाचा अभ्यासक्रम शिकवला जात होता, म्हणून आरंभ सतरा वर्षे मागे न्यावा लागतो. तो अभ्यासक्रम एकाच खेळापुरता होता आणि बंद पडल्यावर त्याची परंपरा पुढे चालली नाही, हे पाहता १९६६ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मनोरंजन व्यवस्थापनाचे मूळ वेगळे असून ते उद्याने व क्रीडांगणे सांभाळणाऱ्या नगरप्रशासनात शोधावे लागते. कार्यक्रम व्यवस्थापन या दोहोंना बरेच नंतर, बहुधा १९८० नंतर, येऊन मिळाले असावे.

भारतात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे (अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४, मद्रासचे वायएमसीए महाविद्यालय, १९२०). त्यात आयोजन हा एक उपविषय असे. २००८ मध्ये आयपीएल आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी व इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर प्रशिक्षित मनुष्यबळाची मागणी वाढली. २०१० मध्ये माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी मुंबईत या विषयाला वाहिलेली संस्था काढली. पुण्याजवळ बालेवाडी येथील क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०२० मध्ये विधिमंडळात संमत झाला.

पुढील उदाहरणे मुख्यतः ठाणे व नवी मुंबई येथील असून हा भाग मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची (क्रेडिट) असते. त्यांतील ४ श्रेयांकांच्या ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला) १२० तास लागतात. हे तास केवळ स्पर्धेच्या दिवशी कार्ड गळ्यात घालून उभे राहण्यात जाऊ नयेत. सोडत (कोणता संघ कोणाशी खेळणार ते ठरवणे), परवानग्या, मैदान आखणी, मंडप उतरवणे व हिशेब मिटवणे या पाचही टप्प्यांत ते वाटले, तरच विद्यार्थ्याच्या हाताला काम लागते.

सोडत (ड्रॉ) हा पहिल्या सत्रातील कणा होय. बाद पद्धतीत सामने संघसंख्येपेक्षा एकाने कमी, तर साखळीत संघसंख्येला तिच्याहून एकाने कमी संख्येने गुणून निम्मे केले की सामने मिळतात. उदाहरणार्थ, कबड्डीत १९ संघ आले, तर पुढची दोनची घातसंख्या (२, ४, ८, १६, ३२ यांपैकी) ३२. म्हणून १३ संघांना पुढे चाल (पहिली फेरी न खेळता थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश), पहिल्या फेरीत ३ सामने, एकूण १८. वरच्या अर्ध्यात १० व खालच्या अर्ध्यात ९ संघ ठेवतात. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातील शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातील पहिल्याला, तिसरी खालच्यातील पहिल्याला, चौथी वरच्यातील शेवटच्याला, याच क्रमाने पुढे. क्रम न पाळता पुढे चाली एका अर्ध्यात गोळा झाल्या की दुसऱ्या अर्ध्यातील संघाला एक सामना जास्त खेळावा लागतो आणि तक्रारी तेथूनच उठतात. पुरुषांच्या सामन्याचा खेळ ४० मिनिटे व मध्यंतर ५ मिनिटे. टाइमआउट व मैदान बदल धरून प्रत्येकी एक तास ठेवावा. एका मैदानावर (१३ × १० मी.) १८ तास, दोन मैदानांवर, अंतिम सामना शेवटी एकटाच होत असल्याने, किमान १० तास. ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागत असल्याने ही बेरीज आधीच करणे भाग आहे.

प्रेक्षक-प्रवाह हा सर्वांत महत्त्वाचा, आणि अनेकदा घाईने उरकला जाणारा, घटक. ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स फुटबॉल क्रीडागारातील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर (१९७१, ६६ मृत) तयार झालेल्या ‘ग्रीन गाइड’ या मार्गदर्शिकेची प्रमाणे येथेही शिकवली जातात : सपाट मार्गावर रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला ८२, जिन्यावर ६६ माणसे, एका फिरत्या फाटकातून तासाला अधिकाधिक ६६०. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात (२००८) पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना व २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेथे ४५,००० प्रेक्षक धरून ते ८ मिनिटांत बाहेर काढायचे तर मिनिटाला ५,६२५, म्हणजे सुमारे ६९ मी. एकूण सपाट निर्गममार्ग लागतो. खरी अडचण फाटकापलीकडे आहे. त्यातील २०,००० जण रेल्वेने निघाले आणि एका लोकलमध्ये ३,००० मावले असे धरले, तरी ७ गाड्या लागतात. दहा मिनिटांना एक गाडी असेल, तर शेवटची गाडी तासाभराने मिळते. म्हणून स्थानकाकडे जाणारी गर्दी बाहेरच टप्प्याटप्प्याने अडवून सोडावी लागते व रेल्वेशी जादा गाड्यांची बोलणी आधी करावी लागतात. प्रवेशाच्या वेळी पिशव्यांची तपासणी व मोबाइलवरील तिकिटे यांमुळे ६६० हा आकडा गाठला जात नाही. विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून प्रत्यक्ष दर मोजावा, तोच नियोजनात वापरावा. निर्गमाच्या तोंडाशी पाण्याचे वा खाद्यपदार्थांचे स्टॉल ठेवणे ही सर्रास आढळणारी व घातक चूक आहे.

पोलीस, अग्निशमन दल व महापालिका यांची परवानगी, गाणी वाजवण्याचा परवाना, खाद्यविक्रेत्यांची नोंदणी आणि जागेवर रुग्णवाहिका ही किमान कागदपत्रे व सोयी. ठाण्यातील दहीहंडी, पावसाळ्यातील महापौर वर्षा मॅरेथॉन आणि दादोजी कोंडदेव क्रीडागारातील स्पर्धा यांतून हा भाग शिकण्यास चांगली संधी मिळते. दहीहंडीत थरांच्या खालची जागा मोकळी ठेवणे, दोरी व हेल्मेट तपासणे आणि चौदा वर्षांखालील मुलांना वर न चढवणे ही जबाबदारी आयोजकाची असते.

मनोरंजन या घटकात खारघरचे सेंट्रल पार्क, ठाण्याचे उपवन व मासुंदा तलाव यांसारख्या जागांचा वापर, देखभाल व वेळापत्रक अभ्यासले जाते. (पहा : कबड्डी, क्रीडांगण, शारीरिक शिक्षण.)