स्पंज पिळू नका! कोलॅजनच्या आधाराने हाड भरताना

हाडातल्या सेंद्रिय भागापैकी जवळपास ९० टक्के पहिल्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे धाग्यांसारखं एक प्रथिन, असतं. म्हणूनच हाडातली फट भरायला बैलाच्या कंडरेतून शुद्ध केलेल्या कोलॅजनचा स्पंज वापरतात.

प्रयोगशाळेत सुमारे अर्धा टक्का कोलॅजन सौम्य ॲसिटिक आम्लात घोटून गोठवतात आणि निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. बर्फाचे स्फटिक होते तिथे छिद्रं उरतात. गोठवण्याची गती आणि तापमान बदललं की छिद्रांचा आकारही बदलतो. ती १०० मायक्रॉनपेक्षा लहान राहिली तर पेशी कडेलाच अडकतात. रक्तवाहिन्या आत शिरायला ३०० मायक्रॉनच्या पुढची छिद्रं बरी. मग निर्वातातच १०५ अंश सेल्सिअसला २४ तास तापवून धागे एकमेकांत जखडतात. हे कमी झालं तर हाड धरण्याआधीच स्पंज विरघळतो, जास्त झालं तर तोच हाडाच्या वाटेत बसतो.

नुसता स्पंज मात्र मोठी फट भरत नाही. त्याला हाड घडवायचा संदेश देणारं प्रथिन लागतं. अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये ज्यांचा माग काढला, त्या प्रथिनांपैकी बीएमपी-२ भिजवलेल्या स्पंजला अमेरिकेत २००२ मध्ये कमरेचे मणके जोडण्यासाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी मान्यता मिळाली. द्रावणात मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम प्रथिन. ते स्पंजवर सगळीकडे सारखं सोडायचं, किमान १५ मिनिटं थांबायचं आणि दोन तासांच्या आत बसवायचं. जखम आधी धुवायची, नंतर नाही. स्पंज पिळायचा तर मुळीच नाही. बहुतेक घोटाळे इथेच होतात, कारण पिळून निघालेलं प्रथिन शेजारच्या मऊ ऊतींत जाऊन सूज आणतं, कधी नको तिथे हाडही उगवतं. मानेच्या मणक्यांत ही सूज श्वास आणि गिळणं अडवू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये तसा इशारा दिला. जंतुसंसर्ग झालेल्या जागी किंवा बैलाच्या कोलॅजनची ॲलर्जी असेल तर हा उपाय करत नाहीत.

ओला स्पंज भार पेलत नाही. नडगीत सळई आणि मणक्यांमध्ये जागा धरून ठेवणारा पिंजरा (केज) हवाच. शिवाय कोलॅजन एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फिल्मवर फट रिकामीच दिसते; ती पाहून रुग्णाने घाबरायचं कारण नाही.