बिनतारी संशोधनाचे पेटंट: बडोद्याहून अर्ज करताना कुठे अडते

स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतारी संदेशवहनाच्या वारंवारिता, वाटून वापरण्याच्या एखाद्या नव्या युक्तीवर बडोद्यात बसून पेटंट मागायचे असेल, तर अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतात, म्हणून अहमदाबादेत किंवा गांधीनगरात चौकशी करीत दिवस घालवू नयेत. फॉर्म 1 (अर्ज) आणि फॉर्म 2 (संशोधनाचे वर्णन) ऑनलाइन भरता येतात. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला आणि शैक्षणिक संस्थेला 1,600 रुपये शुल्क आहे. स्टार्टअप आणि संस्था यांनी ही सवलत मागताना फॉर्म 28 जोडावा.

खरी अडचण हक्काच्या पुराव्याची असते. अर्जदार म्हणून कॉलेजचे नाव असेल, तर प्रत्येक संशोधकाने आपला हक्क कॉलेजला दिला आहे हे दाखवावे लागते. फॉर्म 1 मध्ये संशोधकांच्या घोषणेसाठी जागा असून तेथे सह्या झाल्या की काम भागते. पण घाईत ती जागा कोरी राहते, पुरावा देण्यासाठी मिळालेले सहा महिने सरत येतात आणि तोवर एक विद्यार्थी बंगळूरला नोकरीला, तर दुसरा कॅनडात शिकायला गेलेला असतो. शेवटच्या सत्राचा निकाल लागण्यापूर्वीच सह्या घेऊन ठेवाव्यात. तसेच केवळ मान राखण्यासाठी सरांचे नाव संशोधकांत घालू नये, कारण पुढे वाद झाल्यास तो मान कोणाच्याच कामी येत नाही.

दुसरा खडक पेटंट कायद्याचे कलम 3(के) हा आहे. गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रणाली यांना भारतात पेटंट मिळत नाही, आणि स्पेक्ट्रम वाटपाचे बहुतेक काम नेमके अल्गोरिदमचे असते. ‘मोकळी वारंवारिता ओळखण्याची पद्धत’ एवढाच पहिला दावा (ज्यावर हक्क मागायचा त्याचे विधान) असेल, तर पेटंट कार्यालयाच्या तपासणी अहवालात हे कलम हमखास पुढे येते. त्याऐवजी अँटेनाकडून आलेला संकेत कोणता परिपथ मोजतो, त्या मोजणीवरून प्रक्षेपकाची वारंवारिता किंवा शक्ती कशी बदलते आणि शेजारच्या यंत्रणेचा व्यत्यय त्यामुळे कसा घटतो, हे दाव्यात लिहावे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना 1942 साली अमेरिकेत मिळालेल्या पेटंटातही वारंवारिता बदलत राहण्याच्या कल्पनेसोबत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांनी दोन्ही टोके जुळवून ठेवणारी यंत्रणा तपशिलाने सांगितलेली आहे. कल्पना यंत्रात कशी उतरली, हे त्यात दिसते.

तंत्रमहोत्सवात प्रकल्प मांडून नंतर अर्ज करणारेही पुष्कळ असतात. अर्जाआधी उघड केलेले संशोधन तरीही नवे धरण्याची कायद्यातील 12 महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्संस्थेसमोर वाचलेल्या निबंधांना आहे. कॉलेजच्या सभागृहातील मांडणीला तिचा आधार मिळत नाही. आधी अर्ज करावा, मग खुशाल पोस्टर लावावे.

प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (संशोधनाचे तात्पुरते वर्णन) दिल्यापासून 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (पूर्ण वर्णन) न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तपासणीची विनंती फॉर्म 18 वर वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही, आणि मुदतीचा सर्वाधिक घोळ येथेच होतो. 15 मार्च 2024 पासून दाखल झालेल्या अर्जांना त्यासाठी 31 महिने आहेत. जुन्या माहितीपत्रकांत अजून 48 छापलेले आढळते, आणि ते दुरुस्त करण्याची निकड कोणाला वाटत नाही. हे 31 महिने प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजले जातात, कम्प्लीटच्या नव्हे. पहिला तपासणी अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात.

पेटंट मिळाले म्हणजे हवेत संकेत सोडण्याची परवानगी मिळाली, असा समज ठेवू नये. 865 ते 868 मेगाहर्ट्झ आणि 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय चाचणी करता येते; परवाना लागणाऱ्या पट्ट्यांत प्रयोग करायचा असेल, तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर प्रायोगिक परवान्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.