दुःखाचा थरारपट नेमका कुणाला लांबतो?

"पिक्चर बरो, पण कायच घडूक नाय." प्रेम आणि मृत्यू यांच्याभोवती संथपणे फिरणारा थरारपट बघून सिंधुदुर्गातल्या थिएटरातून बाहेर पडणारी माणसं हे हमखास म्हणतात. त्याच दारातून एखादी बाई डोळे पुसत येते आणि एवढंच म्हणते, "माजी आवस (आई) अशीच करी." चित्रपट एकच, मग एकाला तो संपता संपत नाही आणि दुसरीला आतून हलवतो, हे कसं? ज्याची त्याची आवड, असं म्हणून प्रश्न सोडून देता येईल. पण काळाची जाणीव, उत्कंठा आणि शोक या तिन्हींवर बरंच संशोधन झालेलं आहे. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की मला असं वाटतं, की भांडण चित्रपटाच्या गतीवरून नाहीच. प्रेक्षक कशाची वाट पाहत बसलाय, यावरून आहे.

संथ चित्रपट न आवडणाऱ्यांना मोबाइलने बिघडवलंय, असं म्हणायची एक पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. जत्रांचा हंगाम सुरू झाला की हीच माणसं दशावतार बघायला उजाडेपर्यंत बसतात. पेटी, पखवाज आणि झांजा लागतात, संकासुराचं सोंग येऊन जातं, मग आख्यान सुरू होतं. लिखित संहिता नसते. राजा आणि राक्षसाचा वाद रंगला तर अर्धा तास कथा जागची हलत नाही. शाल गुंडाळून खळ्यात बसलेल्या माणसाला त्याची घाई नसते, कारण शेवटी कोण मरणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. तो शेवटाची वाट पाहत नाही, समोरच्या वाक्याला पुढचा कसं उत्तर देतो ते बघतो. मध्येच उठून चहा घेतला, खाजं बांधून आणलं, तरी काही बिघडत नाही.

थरारपट पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न टाकतो: तो कुठे गेला? कुणी मारलं? त्या क्षणापासून प्रेक्षकाच्या डोक्यात घड्याळ लागतं. डॅन झकाय आणि रिचर्ड ब्लॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मांडलेलं प्रारूप असं, की लक्षाचा जितका वाटा आपण खुद्द वेळेकडे देतो तितका तो वेळ लांब वाटतो. उत्तराची वाट पाहणारा माणूस वेळेकडेच लक्ष देत असतो. प्रसंग आटोपल्यावर मात्र हिशेब उलटा होतो. मागे वळून पाहताना मेंदू वेळ मोजतो तो आठवणाऱ्या घटनांवरून. विल्यम जेम्सने १८९० सालीच हे टिपून ठेवलं होतं: अनुभवांनी गच्च भरलेला वेळ जाताना भुर्रकन जातो, आठवताना लांब वाटतो, रिकाम्या वेळेचं नेमकं उलट. म्हणूनच "पाच तासांचा वाटला" आणि "गोष्ट काय तर दोन वाक्यांत संपते" या दोन्ही तक्रारी एकाच तोंडून येतात आणि त्यांत विसंगती नसते.

प्रेक्षकांची मतं इतकी फाटतात, याचं एक कारण मेंदूच्या प्रयोगांतही दिसतं. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून वेगवेगळी दृश्यं दाखवली. आल्फ्रेड हिचकॉकच्या दूरदर्शन मालिकेतला एक भाग बघताना प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या थराचा, सुमारे ६५ टक्के भाग एकमेकांशी मिळताजुळता चालला. न्यूयॉर्कच्या एका बागेत कॅमेरा नुसता लावून ठेवून घेतलेल्या, संकलन न केलेल्या चित्रणाला हे प्रमाण ५ टक्क्यांखाली होतं. ही दर्जाची मोजणी नव्हे, हे हॅसन यांनीही सांगितलंय. घट्ट बांधलेला थरारपट सगळ्यांना एकाच वाटेने नेतो. सैल, लांब दृश्य प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाटेवर सोडतं. तिथे कुणाला स्वतःची आई भेटते, कुणाला काहीच भेटत नाही.

समजा, असं एक दृश्य आहे. मालवणजवळच्या घरात बाई बांगडे साफ करतेय. कल्ले काढते, पोट चिरते, पाण्यातून काढते, मीठ-हळद लावते. चार मिनिटं एवढंच. मग ताटं मांडते, तर एक जास्त. उत्तर शोधत बसलेल्या प्रेक्षकाला चार मिनिटांत माहितीचा एकच तुकडा मिळाला. ज्याच्या घरात गेलेल्या माणसाचं असं जास्तीचं ताट मांडलं गेलंय, त्याला त्या चार मिनिटांत हातच दिसत राहतात, कारण पुढे काय येणार हे त्या हातांना आधीच माहीत असतं.

शोकाच्या गाभ्यातही वाट पाहणंच असतं, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. मेरी-फ्रान्सेस ओकॉनर यांनी २००८ साली स्तनाच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या २३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेल्या व्यक्तीची आठवण देणारी चित्रं आणि शब्द समोर आल्यावर दुःख सगळ्यांनाच झालं. पण ज्यांचा शोक बराच काळ सुटला नव्हता, त्यांच्या मेंदूत 'न्यूक्लिअस अक्युम्बन्स' हा भागही जागा झाला. बक्षिसाच्या ओढीशी जोडलेला हा भाग, आणि ओढ जितकी तीव्र तितकी त्याची हालचाल जास्त. माणूस येणार नाही हे कळतं, तरी मेंदूचा एक कोपरा दाराकडे बघत राहतो. २३ हा आकडा लहान आहे, त्यावर मोठे निष्कर्ष बांधू नयेत. पण या ओढीतून गेलेल्या कुणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही.

मग पडद्यावर त्या बाईचा मेलेला नवरा ओटीवर बसलेला दिसतो आणि थिएटरात कुजबुज होते, "भूत!" कोकणात देवचार, मुंजा यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाने तसं समजणं साहजिक आहे. पण वेल्समधले डॉक्टर ड्युई रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलेल्या अहवालात जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास झाला होता. पुष्कळांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. बहुतेकांना त्याची मदत झाली होती. ज्या प्रसंगाला एक प्रेक्षक चित्रपटाची युक्ती समजतो, तो दुसऱ्याच्या घरचा रोजचा अनुभव असू शकतो.

प्रेमकथेवरची तक्रार दोन प्रकारची असते. पहिली, "त्यांच्यातलं प्रेम पोचलंच नाही." इथे डटन आणि ॲरन यांचा १९७४चा कॅनडातला प्रयोग आठवतो. दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना प्रश्न विचारले आणि आपला नंबर दिला. तो घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. साध्या भक्कम पुलावर १६ पैकी दोघांनीच. भीतीने वाढलेली धडधड आकर्षणाच्या खात्यावर जमा झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यावर नंतर वाद झाले, तरी वेगवान थरारपटातली प्रेमं बरीचशी याच बळावर चालतात असं मला वाटतं. ही धडधड काही मिनिटांत ओसरते. संथ चित्रपटात प्रेमाचा प्रसंग येईपर्यंत ती उरलेलीच नसते, त्यामुळे प्रेमाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं.

दुसरी तक्रार जास्त कडवट: "नवरा जाऊन वरीस नाय झाला, आणि ही..." मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलं, की शोकातला माणूस हानी आणि नव्याने सावरणं या दोन्हींमध्ये ये-जा करत असतो, कधी एकाच दिवसात. दुःख संपवून मग जगणं सुरू, असा क्रम नसतो.

शेवट सांगितला नाही, यावर तर सगळ्यात जास्त राग असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र असा शेवट माहीत आहे. होडी येते, ती चालवणारा तांडेल येत नाही, देह सापडत नाही. दहाव्याला पिंड ठेवायचा की नाही, यावरच घर अडतं. पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून अशा हानीला 'संदिग्ध हानी' म्हटलं. शोक सुरूच होऊ शकत नाही, ही तिची खूण. आपला कायदाही सात वर्षं खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरू देतो; तोवर त्या घरातली बाई ना सवाष्ण, ना विधवा.

म्हणून अशा चित्रपटांबद्दल माझी तक्रार दिग्दर्शकापेक्षा जाहिरात करणाऱ्यांकडे आहे. ट्रेलरमध्ये दोन किंकाळ्या, पळणारे पाय आणि 'खुनी कोण?' असं दाखवून ते प्रेक्षकाच्या डोक्यातलं घड्याळ तिकीट काढायच्या आधीच लावून देतात. बांगडे साफ करणारे ते हात ट्रेलरमध्ये दहा सेकंद जरी ठेवले, तरी काहीजण येणार नाहीत आणि जे येतील ते वेगळी वाट पाहत बसतील.